आधी लेबल वाचू

जुन्या गेमिंग पीसीत मधल्या दरातलं कुठलं कार्ड टाकावं, असं कुणी विचारलं की मी आधी कॅबिनेटची बाजू उघडायला लावतो. कार्डाचं नाव नंतर. आत एसएमपीएसच्या अंगावर एक लेबल असतं आणि निम्मी निवड तिथेच होऊन गेलेली असते. वर ठळक अक्षरांत ४५० छापलेलं असतं; ते बघून मालक निर्धास्त. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात आणि तिचा आकडा खाली बारीक टायपात असतो. स्वस्तातल्या एसएमपीएसवर तिथे १८ अँपिअर वगैरे दिसतात. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. आता आय५-४५९० प्रोसेसर ८४ वॉटचा, आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉटचं. बेरीज बरोबर २१६. हार्ड डिस्क आणि पंख्यांनी मग उपास धरायचा.

त्यात घरात ६०० व्हीएचा यूपीएस असला तर तोही पाहावा लागतो. असे बहुतेक यूपीएस ३६० वॉटच्या आसपासचे असतात आणि मॉनिटरही त्यालाच जोडलेला असतो. खेळ ऐन रंगात, वीज गेली आणि यूपीएसने शिट्टी मारून मान टाकली, ही तक्रार घेऊन येणारा दोष कार्डाला देतो.

हॅसवेल पिढीचा पीसी अजून दुरुस्तीला येतो: आय५-४५९०, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय. या कार्डाबद्दल मला आजही माया आहे. अवघं ६० वॉट. मदरबोर्डचा स्लॉटच ७५ वॉट देतो, त्यामुळे बहुतेक ७५० टीआयना वेगळी केबल लागायची नाही. ऑफिसातून मोडीत निघालेल्या पीसीतही ते बसायचं आणि मुलं त्यावर जीटीए ५ खेळायची. पण ऑक्टोबर २०२५मध्ये एनव्हीडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. म्हणजे ७५० टीआयबरोबर लोकांचं लाडकं जीटीएक्स १०६०सुद्धा त्या रांगेत गेलं.

असाच पीसी घेऊन एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आला होता. पहिलाच प्रश्न, "दादा, ४०६० बसेल ना यात?"

बसेल. ११५ वॉटचं कार्ड, वीजही कमी खातं. मी मात्र त्याला मदरबोर्डवरचं एच८१ हे नाव दाखवलं. या भागाकडे दुकानदारही फारसं बघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली ये-जा पीसीआयईच्या लेनमधून होते. ४०६० आणि ६६०० ही कार्डं दिसायला लांब स्लॉटात बसतात, पण प्रत्यक्षात वापरतात आठच लेन. पीसीआयई ४.० असेल तर आठ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, काही अडत नाही. एच८१ मात्र ग्राफिक्स स्लॉटला २.०वरच ठेवतो, प्रोसेसरला ३.० येत असलं तरी. मग त्याच आठ लेनमधून ४ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर हे फारसं जाणवत नाही. ती भरली की टेक्स्चर पीसीच्या रॅममधून आणावी लागतात; दुकानातली जागा संपल्यावर अर्धा माल गावाबाहेरच्या गोदामात ठेवल्यासारखं. सरासरी एफपीएस चांगले दिसतात आणि वळणावर चित्र गचके खातं. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी हे याचं टोक: ४ जीबी मेमरी आणि चारच लेन. स्वस्त म्हणून ते जुन्या पीसीवाल्यांनी उचललं आणि नेमकं जुन्या पीसीतच ते सगळ्यात जास्त अडखळतं.

म्हणून अशा बोर्डावर मी सोळा लेनची कार्डं बघतो. जीटीएक्स १६६० सुपर, २०१९चं, १२५ वॉट, ६ जीबी. त्याच साली आलेलं आरटीएक्स २०६०, १६० वॉट, मेमरी तेवढीच. किंवा २०२१चं आरटीएक्स ३०६०, १७० वॉट आणि १२ जीबी. इंटेलच्या आर्क बी५८०ची १२ जीबी मेमरी मुलांना फार भुरळ घालते. पण त्याला रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते, आणि एच८१च्या बायोसमध्ये ती नाही. शिवाय जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड आणखी मागे पडतं. उत्तम कार्ड, चुकीचं घर.

१६६० सुपर की २०६०, यावर त्या मुलाशी बरंच बोलणं झालं. नुसत्या साध्या खेळांपुरतं बघितलं तर मी १६६० सुपर म्हटलं असतं. पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' हे खेळ रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालवायचे नाहीत असंच त्यांच्या कर्त्यांनी ठरवलंय. १६६० सुपरकडे ते नाही, २०६०कडे आहे. पुढचे खेळही याच वाटेने जाणार असं मला वाटतं.

प्रोसेसरची परीक्षा फुकटात होते. खेळाचं रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणायचं. एफपीएस वाढले तर अडथळा कार्डाचा. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर थकलाय, नवं कार्ड घालून तो तरुण होणार नाही. त्या मुलाच्या व्हॅलोरंटमध्ये आकडा ढिम्म हलला नाही. चार कोर, चारच थ्रेड. त्याच सॉकेटात आय७-४७९० बसतो, आठ थ्रेडचा, आणि सेकंड हँड सहज मिळतो. बायोस तेवढा अद्ययावत लागतो. रॅमची एकच स्टिक होती. दुसरी टाकली की ड्युअल चॅनल चालू होतं आणि गचके कमी होतात. या दोन गोष्टींचं कौतुक कुणी करत नाही, कारण त्यांना रंगीत दिवे नसतात.

जुनं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ओळखीतून, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने मायनिंगची पद्धत सोडली आणि तिथे राबलेली कार्डं बाजारात उतरली. त्यातली सगळी वाईट नसतात. पंखा बोटाने हलवून बघावा, लडबडला तर बेअरिंग गेलंय. थर्मल पॅडमधून तेल सुटून कडेला ओघळ दिसतात. फरमार्क लावून पंधरा मिनिटं तापमान बघावं, आणि शेजारी जीपीयू-झेड उघडं असू द्यावं. २०१०च्या जीटीएस ४५०ला बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाने विकणारे महाभाग आहेत; जीपीयू-झेड असली सोंगं बऱ्याचदा ओळखतं.

एवढा खर्च या पीसीवर करावा का, हाही प्रश्न त्या मुलाने विचारला, आणि तो रास्त होता. विंडोज १०चा आधार संपलाय आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचा आय५ नाही. माझं म्हणणं, पैसा अशा वस्तूंत घालावा ज्या पुढच्या पीसीत जातील. एसएमपीएस जातो, कार्ड जातं. डीडीआर३ रॅम आणि आय७ जात नाहीत, पण ते सेकंड हँड घेतले तर फार पडत नाहीत.

त्याने सेकंड हँड २०६० घेतलं, ५५० वॉटचा नवा एसएमपीएस घेतला आणि रॅमची दुसरी स्टिक. आय७ दिवाळीनंतर. कार्ड बसवताना ते पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं. पिंजरा काढला आणि डिस्क खाली दोन स्क्रूंवर बसवली.