त्याने गलबतं पुसून टाकली

चि. रेवास,


तुझं पत्र मिळालं. ‘समुद्राकाठचा साधू’ची छापील प्रत बघून तू विचारलंस, की यात तर काहीच नाही, मग एवढं नाव कशासाठी? तुला बर्लिनमध्ये राहायला मिळालंय आणि मूळ चित्र तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चित्रकार कॅस्पार डाव्हिड फ्रीडरिख. जन्म 1774 चा, बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड गावचा. तेव्हा तो मुलूख स्वीडनच्या ताब्यात होता. सातव्या वर्षी आई गेली. तेराव्या वर्षी भाऊ पाण्यात बुडाला, कॅस्पारला वाचवतानाच, असं सांगतात. चित्रातली उदासी बरेच जण या मृत्यूंशी जोडतात. मला ते पुरेसं वाटत नाही. दुःख पुष्कळांच्या वाट्याला येतं. असं चित्र एखाद्याच्याच हातून होतं, आणि तेही फार विचार करून.

कोपनहेगनला शिकून तो 1798 मध्ये ड्रेस्डेनला आला. समुद्र तिथून लांब. ऱ्यूगेन बेटावर फिरून केलेली पेन्सिलीची रेखाटनं मात्र जवळ होती. 1808 ते 1810 या काळात हे चित्र झालं. रुंदी 171.5 सेंटिमीटर, उंची 110. खाली फिकट वाळूची पट्टी, मग काळपट हिरवं पाणी, आणि वर बहुतेक सगळं आकाशच. वाळूवर पाठमोरा, उघड्या डोक्याचा एक माणूस. एरवी निसर्गचित्रात कडेला झाड नाहीतर खडक असतो, त्याच्या आधाराने नजर हळूहळू आत शिरते. इथे तो आधारच नाही.

आणि हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं! रंगाच्या थरांखाली अवरक्त किरणांनी पाहिलं तेव्हा गलबतं सापडली. म्हणजे फ्रीडरिखने ती आखली होती, आणि मग रंगाखाली गाडून टाकली. आकाशही त्याने पुन्हापुन्हा बदललं. तुला जे ‘काहीच नाही’ वाटलं, ते असं मिळवलेलं आहे. 1809 च्या उन्हाळ्यात त्याच्या कामाच्या खोलीत आलेल्या मारी हेलेन फॉन क्युगेलगेन या बाईंनी मैत्रिणीला पत्रात अगदी तुझीच तक्रार लिहिली होती: ना होडी, ना जहाज, ना गवताचं पातं.

ती खोलीही तशीच उघडीबोडकी. याच बाईंच्या मुलाने पुढे आठवणींत लिहिलंय, की रंगांची पेटी आणि जवसाच्या तेलाची बाटलीसुद्धा फ्रीडरिख शेजारच्या खोलीत ठेवी. समोरच्या वस्तूंनी मनातलं चित्र विस्कटतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा मित्र केर्स्टिंग याने 1811 मध्ये ही खोली रंगवली. ते चित्र हॅम्बुर्गला आहे.

1810 च्या शरद ऋतूत बर्लिनच्या अकादमीत चित्र लागलं आणि लोक गोंधळले. क्लेमेन्स ब्रेन्टानो आणि आखिम फॉन आर्निम या लेखकांनी त्यावर प्रेक्षकांचे संवाद लिहिले. हाइनरिख फॉन क्लाइस्टने ते आपल्या वर्तमानपत्रासाठी इतके बदलले, की ते दोघे मित्र रागावले. पण त्या चित्राबद्दलचं सर्वांत नेमकं निरीक्षण क्लाइस्टचंच आहे: हे बघताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखं होतं. नजर मिटायची सोय उरत नाही. पंधरा वर्षांच्या युवराजाने हट्ट धरला आणि राजाने हे चित्र आणि त्याच्या जोडीचं ‘ओकच्या रानातला मठ’, दोन्ही विकत घेतली.

पुढे लोकांची आवड पालटली. 1840 मध्ये फ्रीडरिख वारला तेव्हा त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. 1906 च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला परत आणलं.

तू समुद्र रंगवतेस तेव्हा होड्या, माड, कोळणी सगळं भरतेस. भर, त्यात वाईट काही नाही. पण एकदा त्यातलं काय काढता येईल ते बघ. आणि जुन्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जाऊन ये. छापील प्रतीवरून मत ठरवू नकोस. सोमवारी ते बंद असतं. मठाचं चित्रही तिथेच आहे, तेही सावकाश पाहा, आणि मग मला लिही.

तुझी,
आत्या