वाड्याकडे तोंड करून

साळगावात भाताची कापणी उरकली की शेतं मोकळी होतात आणि त्यांच्या पलीकडून माय दे देऊसचं पांढरं, टोकदार शिखरांचं चर्च पुरतं दिसायला लागतं. १८७३ सालचं हे चर्च बार्देशातल्या इतर चर्चपेक्षा अगदी निराळं आहे. त्याच सुमाराला गावातली सुट्टीची घरं भरायला लागतात. मी ज्या घराची देखभाल करते ते चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं, पुढे दगडी बाकांचा बल्कांव, म्हणजे ओसरी, असलेलं. मालक परदेशी असतात. नाताळ आला की चार-चार दिवसांचे पाहुणे येतात आणि जातात. ते येण्याआधी हे घर सजवायचं काम माझ्याकडे असतं, आणि वर्षातलं माझं सर्वांत आवडतं काम हेच.

अशी सजावट कुणासाठी करायची? पाहुणा पैसे मोजतो, तेव्हा त्याच्यासाठी, असं कुणीही म्हणेल. माझं मत वेगळं आहे. भाड्याच्या घराची सजावट आधी वाड्यासाठी, म्हणजे आसपासच्या वस्तीसाठी, करावी. गोव्यातल्या वाड्यावर नाताळची पहिली खूण घराच्या आत दिसत नाही. ती बल्कांवात लटकते. नखेत्र, म्हणजे कागदी चांदणी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसण्यासाठीच असते. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे नाताळ गाजत नाही, गोडधोड होत नाही. शेजारी आपल्या घरातलं थोडं तिथे नेऊन देतात. म्हणून डिसेंबरात अंधारं राहिलेलं घर इथल्या माणसाच्या डोळ्याला लगेच खुपतं. दुःखाचं घर आहे की बंद पडलेलं? आणि बंद घरं आता वाड्यावाड्यावर आहेत. मुलं लंडनला, टोरांटोला; दाराला कुलूप, परसात गवत. ओळीतल्या एका घरात दिवा लागतो, पुढच्या दोनात लागत नाही. आपल्या ताब्यातलं घर तरी उजळलेलं असावं, असं मला फार वाटतं.

चांदणी आम्ही घरीच करतो. म्हापशाच्या बाजारात घडीच्या, छापील, चमचमत्या चांदण्या ढिगाने मिळतात. पण बांबूच्या कामट्यांची चांदणी वेगळीच. कामट्या तासून दोन तारे बांधायचे, मध्ये आडव्या काटक्या देऊन त्यांना फुगवटा आणायचा, मग पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो. घट्ट झाली तर सुकताना फाटतो. डिसेंबरात रात्री दंव पडतं, म्हणून ती पत्र्याच्या किंवा कौलांच्या आडोशाला टांगावी. पूर्वी आत दिवा किंवा मेणबत्ती ठेवत. मी एलईडीचा लहान, पिवळसर बल्ब लावते. कौलांखालचं लाकूड शंभर वर्षांचं वाळलेलं आहे. तिथे ज्योत नको आणि तापणाऱ्या स्वस्त माळाही नकोत.

आत मात्र फार काही करत नाही. या घराच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. काचेच्या आधीच्या काळात गोव्यात समुद्री शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे लाकडी चौकटीत बसवत. त्यांतून उजेड दुधासारखा निवळून येतो. अशा खिडकीमागे लाल-हिरवी लुकलुकती माळ लावली की खिडकीच दिसेनाशी होते. एक साधा दिवा पुरतो. भिंतीला चिकटपट्टीही लावत नाही. ती काढताना चुन्याचा गिलावा सोबत येतो. जुन्या खुंट्या आणि आकडे जिथे आहेत तिथूनच दोऱ्या जातात. दिवाणखान्यातल्या आल्ताराला तर मी सजावटीचा भाग मानतच नाही. ती मालकांची देवाची जागा. तिथली धूळ पुसते, ताजी फुलं ठेवते, आणि तिच्यावर टोप्या, पिशव्या ठेवू नका एवढं पाहुण्यांना आवर्जून सांगते.

अंगणातलं पॉइन्सेटियाचं झुडूप स्वतःच नटतं, पण त्याची एक अट असते. त्याचा तो लालभडक भाग फूल नसतो, ती पानंच. खरी फुलं मधोमध, पिवळी, बारीक. पानं लाल व्हायला मेक्सिकोहून आलेल्या या झाडाला लांब, सलग, काळोख्या रात्री लागतात. ऑक्टोबरपासून त्याच्यावर रात्रभर दिवा जळत राहिला तर नाताळला ते हिरवंच राहतं. म्हणून अंगणातला मोठा दिवा त्या दिवसांत मी बंद ठेवते, पायऱ्यांपाशी तेवढा छोटा. काही पाहुणे विचारतात, एवढा अंधार का? मी त्यांना झुडूप दाखवते.

कापसाचा बर्फ मी कधी पसरत नाही. गोव्यातल्या नाताळात रात्री एखादी शाल पुरते, आणि इथल्या ख्रिस्तजन्माच्या गोठ्यांत लाल माती, माडाच्या झावळ्या, सुरूच्या फांद्या असतात. हे काही मूळ रीतीला सोडून नव्हे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या इटालियन गावात ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा तिथलंच गवत, तिथलाच बैल आणि तिथलंच गाढव आणलं होतं. बेथलेहेम त्यांनी आपल्या लोकांच्या डोंगरात उतरवलं. मग साळगावच्या गोठ्यात शेत साळगावचंच का नसावं? पंधरवडाभर आधी ताटल्यांत माती घालून मी नाचणी पेरते. तिचे कोंब दाट, कोवळे, इतके हिरवे येतात की त्यांच्यात मातीची मेंढरं अर्धी बुडतात. मालकांच्या पेटीतल्या जुन्या मूर्ती बाहेर निघतात. एका मेंढपाळाचा हात तुटला आहे, तोही उभा राहतो.

गव्हाण मात्र रिकामी असते. बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच ठेवायचं. ते मी कापडात गुंडाळून पाहुण्यांच्या हाती देते आणि वेळ सांगते. घर कुणाचंही असो, त्या रात्री तिथे जे झोपणार आहेत त्यांनीच ते ठेवावं. पाहुणे बहुतेक हिंदू असतात, मुंबईचे, पुण्याचे, कधी बेळगावचे. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मुलं तर जागी राहण्यासाठी दुपारीच झोप काढतात. मग साडेअकराच्या सुमाराला वाड्यावरची माणसं नवे कपडे घालून चर्चकडे निघतात, आणि हे पाहुणे बल्कांवात बसलेले असतात, दिव्याखाली. हाका होतात, शुभेच्छा होतात. घर अंधारं असतं तर कुणी हाक मारली असती का?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आंटी कुसवार घेऊन येतात. नेवऱ्या, दोदोल, बोलिन्हा, कंगव्यावर वळलेले कुलकुल, वर स्वच्छ रुमाल. आधी त्या ताट फक्त ओळखीच्या घरांना पाठवायच्या. आता चांदणी लागलेली दिसली की इथेही देतात, आत कोण आहे हे न विचारता. पाहुणे गोंधळतात, पैसे काढू लागतात. मी थांबवते. ताट धुऊन परत करायचं, आणि रिकामं द्यायचं नाही. एका वर्षी नागपूरच्या कुटुंबाने सोबत आणलेली संत्रा बर्फी त्यात घातली. आंटींनी ती वाड्यात सगळ्यांना चाखवली आणि संध्याकाळी कृती विचारायला स्वतः आल्या. नागपूरच्या आजी अंगणात खुर्ची टाकून त्यांना मावा किती परतायचा ते सांगत बसल्या, एक मराठीत, एक कोंकणीत. तेव्हापासून बुकिंग पक्कं झालं की पाठवायच्या निरोपात, चावीच्या आणि पाण्याच्या मोटारीच्या सूचनांखाली, मी एक ओळ घालते: येताना आपल्या गावचं थोडं खाणं जास्तीचं आणा, पंचवीस तारखेला शेजारी ताट पाठवायचं आहे.