सुरमईचा हिसका आणि जुनी होडी

पोस्टिंग दिल्लीत, घर मयूर विहारमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर मालवणच्या होडीचा नकाशा. यमुना इथून जवळ आहे खरी, पण समुद्राचं काम काढावं अशी ही जागा नव्हे. माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची, फायबरची जुनी होडी मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. 1 ऑगस्टपूर्वी तिच्यावर गळाचे दोन रॉड बसवायचे होते. जाळ्याला पूर्वीसारखं लागत नाही, तेव्हा चालत्या होडीमागे आमिष ओढत सुरमई धरायची असा त्याचा बेत. इंजिनाचा हप्ता त्यावरच अवलंबून होता.

रॉड धरणाऱ्या नळ्या काठावर चार-चार स्क्रूंनी बसवू, असं गावातला फायबरवाला म्हणत होता. मी फोनवर हिशेब मांडला. दोरीला दहा किलोची ओढ, वाकलेल्या रॉडचा हात दीड मीटर, नळी पाव मीटर. म्हणजे नळीच्या तोंडाशी साठ-सत्तर किलोचा जोर. माशाचा हिसका वेगळा. नळी काठाचा तुकडा घेऊन उपटली, तर होडीवर दादा एकटाच.

“तुझ्या मिलिट्रीत होडी कागदार चलता काय रे?” दादाने विचारलं.

प्रबोधिनीत पीकॉक बेच्या पाण्यात आम्ही होड्या वल्हवल्या (मोराच्या खाडीतून मोराच्या विहारात आलो, एवढीच प्रगती), पण होडीचा आवाज ओळखायचा तो दादानेच. व्हिडिओ कॉल चालू ठेवून तो छोट्या हातोडीने काठ ठोकत गेला. टणटण आवाज आला तर आतलं लाकूड शाबूत. डाव्या बाजूला मागे आवाज बसका आला. तिथे बारीक भोक पाडलं, तर ड्रिलला काळा, ओला भुसा लागला.

खरं काम तिथे होतं. आतून फायबर कापलं, कुजकं लाकूड काढलं, मरीन प्लायवूड घातलं आणि वर फायबरचे थर चढवले. पावसात रेझिन नीट धरत नाही. ताडपत्रीखाली हे सारं उरकायला आठ दिवस गेले. मग स्क्रूऐवजी आरपार स्टेनलेस बोल्ट, आणि खाली तळहातापेक्षा मोठी स्टेनलेसचीच पट्टी, म्हणजे जोर चार भोकांवर न येता पसरतो. अॅल्युमिनियमची पट्टी स्वस्त पडली असती, पण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला चिकटून ती लवकर खाल्ली जाते. भोकं मोठी पाडून रेझिनने बुजवली आणि त्यातून पुन्हा पाडली, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. डावी नळी इंजिनच्या दांड्याआड येऊ नये म्हणून दादाने ती वीतभर पुढे घेतली. प्रत्येक रॉडला वेगळी दोरी बांधली.

शेवटी नळीच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून पंचवीस किलोपर्यंत ओढ दिली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फोटो आला, तो त्या रेघेचा. नळी तसूभरही सरकली नव्हती. सुरमई कुठे, विचारलं तर म्हणाला, ती बंदरावरच लिलावात गेली.