ओविकचा मोडो

माझा एक जुना विद्यार्थी स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठात शिकतो. भिवंडीच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकला. ‘ळ’ आणि ‘ल’ मधला फरक शिकवताना त्याने माझा अंत पाहिला होता. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मोसमाअखेर, त्याचा फोन आला. आवाज दबलेला.

“टीचर, घरमालक कालपासून बोलत नाहीयेत. मला वाटलं घरात कुणाचा इंतकाल झाला. नंतर कळलं, त्यांच्या गावचा संघ खालच्या श्रेणीत गेलाय.”

“कसला संघ? फुटबॉल?”

“नाही, बर्फावरची हॉकी. मोडो नाव आहे.”

मला हसू आलं. मोडलं म्हणून मोडो का, असंही विचारून झालं. त्याने सांगितलेलं गावाचं नाव मला उच्चारताच येईना: ओर्नशोल्ड्सविक. तिथली माणसंही दमत असावीत, कारण तीच त्याला नुसतं ‘ओविक’ म्हणतात. स्टॉकहोमच्या उत्तरेला पाचशेहून जास्त किलोमीटरवर, समुद्राकाठी, जंगलाला खेटून वसलेलं गाव. वस्ती तीस-बत्तीस हजार. आमच्या भिवंडीतल्या चार-पाच मोहल्ल्यांत मावेल एवढी.

त्या रविवारी मुलांचे पेपर तपासायचे सोडून मी मोडोबद्दल वाचत बसले. नंतरचे कितीतरी रविवारही तसेच गेले.

1921 साली ओविकच्या अल्फ्रेडशेम भागातल्या मंडळींनी एक क्रीडा मंडळ काढलं. हॉकी त्यात आली 1938 मध्ये. 1960 च्या दशकात मंडळाने गावातल्या मोठ्या लाकूड-कागद कंपनीशी हातमिळवणी केली. कंपनीचं नाव ‘मो ओक डोमशो’, म्हणजे मो आणि डोमशो. दोन्ही नावांची पहिली अक्षरं घेऊन संघ झाला मोडो. त्याच काळात छप्पर असलेलं बर्फाचं मैदान उभं राहिलं, त्याला कंपनीच्या मालक घराण्यावरून केम्पे हॉल म्हणू लागले. आपल्या मुंबईतही असं होतंच की. मफतलाल, ओर्के असे गिरण्यांच्या नावाचे फुटबॉल संघ होते, अब्बा त्यांच्या गोष्टी सांगत. ते संघ आता नाहीत. ओविकमध्ये उलटं झालं. कंपनी मोठी होत गेली, दुसऱ्या कंपन्या घेतल्या, आणि 2000 साली तिने आपलं नावच बदलून ‘होल्मेन’ केलं. मोडो हे नाव मागे राहिलं ते हॉकीच्या जर्सीवर.

1979 मध्ये या संघाने स्टॉकहोमच्या यूरगोर्डेनला हरवून स्वीडनचं विजेतेपद मिळवलं. छोट्या गावाने राजधानीला हरवलं, त्याची खुशी काय असेल ते सांगायला नको. पण मला जास्त गुंतवलं ते या गावाने घडवलेल्या मुलांनी.

1973 च्या जुलैमध्ये ओविक परिसरात दहा दिवसांच्या अंतराने दोन मुलं जन्मली: पीटर फोर्सबर्ग आणि मार्कस नॅसलुंड. दोघेही मोडोत खेळून अमेरिका-कॅनडाच्या एनएचएलमध्ये गेले, जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये. फोर्सबर्गचे वडील केंट यांनी मोडोलाही शिकवलं आणि पुढे देशाच्या संघालाही. 1994 च्या लिलेहामर ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात फोर्सबर्गने कॅनडाविरुद्ध पेनल्टीवर असा गोल केला की स्वीडनच्या टपाल खात्याने त्यावर तिकीट काढलं. गंमत म्हणजे, ज्याच्यावर गोल झाला त्या गोलरक्षकाने माझं चित्र छापू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तिकिटावर त्याच्या जर्सीचा रंग बदलावा लागला! मला त्या बिचाऱ्याबद्दलच जास्त वाटलं.

1980 मध्ये याच गावात हेन्रिक आणि डॅनियल सेदिन हे जुळे भाऊ जन्मले. 1999 मध्ये व्हँकुव्हरच्या क्लबने दोघांना दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे लागोपाठ, निवडलं. नॅसलुंड व्हँकुव्हरचा कर्णधार होता, पुढे हेन्रिकही झाला. मग व्हिक्टर हेडमन, 2009 मध्ये पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. त्याच्याही फार आधी, 1974 मध्ये, ओविकचाच अँडर्स हेडबर्ग कॅनडातल्या विनिपेगला गेला होता. तो मोडोत वाढला आणि आधी स्टॉकहोमला, मग समुद्रापार गेला. सगळ्यांची वाट साधारण तीच.

इथे मला माझ्या शाळेचा फलक आठवला. जिन्याजवळ लावलाय, दरवर्षी दहावीत पहिल्या आलेल्यांची नावं. अठरा वर्षं मी तो वाचतेय. त्यातला एक दुबईला, दोघी पुण्यात, एक बंगळुरूला, एक हा उमेओचा. भिवंडीत राहिलेला एकच, आणि तो वडिलांचे माग सांभाळतो. शिक्षक म्हणून मी त्यांना जायलाच सांगितलं होतं. गेले की मला अभिमान वाटतो आणि जिना चढताना कधी कधी उगीच रागही येतो. कुणावर, ते मला नीट सांगता येत नाही.

ओविकच्या लोकांनाही असा राग येत असेल का, हे मी त्याला विचारायला सांगितलं. घरमालक म्हणाले, राग कशाला, परत येतात की.

ते खरं आहे, पण अर्धंच. 2007 मध्ये मोडो दुसऱ्यांदा विजेता झाला तेव्हा पेर स्वार्टवाडेट आणि हान्स युनसनसारखे एनएचएलमधून घरी परतलेले खेळाडू संघात होते. 2009 मध्ये संघ अडचणीत असताना फोर्सबर्ग आणि नॅसलुंड परत आले आणि पगार न घेता खेळले. दोघेही तेव्हा छत्तीस वर्षांचे, फोर्सबर्गचा पाय दुखऱ्या जागी दुखतच होता. नंतर नॅसलुंडने काही वर्षं संघाचा कारभारही पाहिला. 2012 मध्ये मोडोच्या मुलींनी स्वीडनचं विजेतेपद जिंकलं, हे मला विशेष आवडलं. त्याबद्दल मात्र घरमालक काही बोलले नव्हते.

एवढं होऊनही संघ वाचला नाही. 2016 मध्ये लेक्सांडकडून हरून मोडो दुसऱ्या श्रेणीत गेला. तिकडे आपल्या आयपीएलसारखं नसतं, की कितीही हरा, पुढच्या वर्षी जागा पक्की. तळाला गेलात की खाली जावं लागतं, आणि खाली गेलात की टीव्हीचा पैसा, जाहिराती, चांगले खेळाडू सगळंच आटतं. सात मोसम मोडो तिथे राहिला. 2023 मध्ये यूरगोर्डेनला हरवून वर आला आणि दोनच वर्षांत पुन्हा खाली. मधल्या सात वर्षांत शाळेत दाखल झालेल्या मुलांनी आपला संघ वरच्या श्रेणीत पाहिलाच नसेल. 2006 मध्ये बांधलेल्या नव्या हॉलमध्ये साडेसात हजारांहून जास्त माणसं बसतात, म्हणजे जवळपास गावाचा चौथा हिस्सा. तो हॉल दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांना भरायचा म्हणजे सोपं नाही.

एक गोष्ट मला शेवटी सापडली आणि मी ती अब्बांना लगेच सांगितली. संघाच्या नावातलं ‘डो’ ज्या डोमशोवरून आलं, तिथला लगदा कारखाना 2011 मध्ये आदित्य बिर्ला समूहाने विकत घेतला. तिथे लाकडापासून जो लगदा होतो, त्याचा व्हिस्कोस धागा बनतो. म्हणजे आपलं रेयॉन. अब्बांच्या कारखान्यात बारा माग होते आणि बरीच वर्षं त्यांवर रेयॉनच चढायचं. गिऱ्हाइकाला ते ‘झाडाचं कापड’ म्हणून दाखवायचे. त्यांच्या बीमवर ओविकचं झाड होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी माग विकले तेच मुळी 2008 ला.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कारखाना चालू आहे?”

“चालू आहे.”

“आणि टीम?”

“तीही आहे. दुसऱ्या दर्जात.”

“मग रडतात कशाला?” म्हणाले आणि चहा मागितला.

परवा त्या मुलाचा मेसेज आला. घरमालक आता त्याला ओविकच्या सामन्यांना घेऊन जातात, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. त्याने लाल जर्सीतला फोटो पाठवलाय. मागच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतात. खाली त्याने मराठीत लिहिलंय: “टीचर, आमची टीम आज जिंकली.” ‘आमची’ वर मी थोडा वेळ थांबले. मग पाहिलं, ‘टीम’ मधला ‘टी’ त्याने र्‍हस्व लिहिलाय, आणि तेवढं दुरुस्त करून पाठवलं.