मंजिऱ्यांतली दुपार

वैशाखात भर दुपारी, सारं घर ओटीवर आडवं झालेलं असताना, अंगणातून एक गुणगुण यायची. इतकी बारीक, की आधी वाटायचं ती आपल्याच कानात आहे. मग वृंदावनावर बांधलेल्या गळतीतून एक थेंब टपकायचा, क्षणभर ती विरायची आणि पुन्हा सुरू व्हायची. तापलेलं अंगण, थेंबाथेंबानं भिजणारी माती, कृष्णतुळशीचा लवंगेच्या वळणाचा उग्र-गोड वास, आणि त्या वासालाच आवाज फुटावा तशी ती गुणगुण. माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिच्यात साठून राहिल्या आहेत.

तुळशीकडे फुलझाड म्हणून कोण बघतं? मला आजीनं बघायला लावलं. उकिडवं बसून डोळे मंजिरीशी नेले, की काळपट चौकोनी देठावर थरांथरांनी लागलेली तिळाएवढी जांभळी फुलं दिसायची, ओठ किंचित उघडलेली. त्यांवर सातेरी माश्या यायच्या, कोतीच्या मुंगीएवढ्या काळ्या माश्या यायच्या, आणि कधीतरी निळ्या पट्ट्यांची एखादी. ती हवेतच थबकायची, आणि दिसली म्हणेतो नाहीशी व्हायची.

मंजिऱ्या वेळेवर खुडाव्या लागतात. बी धरलं की तुळस पानांतून मन काढून घेते, देठ लाकडागत होतात. आजी रोज सकाळी खुडायची. पण उगवतीकडच्या दोन फांद्यांना तिचा हात कधी लागला नाही. ‘त्या राहू देत गो, त्यांच्या आहेत,’ एवढंच म्हणायची.

ती गेल्यावर तिच्या वृंदावनातलं मूठभर बी मी पुण्याला आणलं. गच्चीत दिवसभर ऊन. कुंडीत बी नुसतं भुरभुरलं, वर चिमूटभर माती. ८-१० दिवसांत हिरवे ठिपके उठले. रोपं वाढली, जांभळली, फुलली. गच्ची मात्र गप्पच राहिली. चौथ्या मजल्यावर कोण येणार? तरी मी रोज खुडत राहिले, उगवतीकडच्या दोन फांद्या सोडून.

आणि यंदाच्या वैशाखात, वाळवण उलटायला दुपारी वर गेले, तर कानात काहीतरी बारीक. मी हात थांबवले. श्वासही.

आलात.

संध्याकाळी दिवा घेऊन गेले, तर एका वाळक्या देठाला निळ्या पट्ट्यांच्या तीन माश्या जबड्यांनी घट्ट धरून, ओळीनं झोपल्या होत्या. मग आठवलं, उन्हाळ्यात आजी दिवा वृंदावनाच्या कोनाड्यात ठेवत नसे, खाली पायरीवर ठेवायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी दोन पावलं मागे आले, आणि दिवा उंबऱ्याशीच ठेवला.