पोलादपूरची ऊब

अंगावर कपड्यांचे थर चढवून माणसाने स्वतःचे गाठोडे करून घ्यावे, यासाठी इंग्रजी बोलीत एक सुटसुटीत क्रियापद आहे. आपल्याकडे आई नुसते "नीट गुरफटून घे रे!" म्हणते आणि काम भागते. हे गुरफटणे पाहायचे असेल, तर हिवाळ्यात पोलादपूरच्या एस.टी. स्टँडावर जावे.

हवा खायला निघालेली मुंबईकर मंडळी येथूनच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातात. वाट सुमारे ४० किलोमीटरांची. पण ती थेट १,३५० मीटर उंचीला नेऊन पोहोचवते. हजार मीटर चढले की पारा सहा-सात अंशांनी उतरतो, हा निसर्गाचा हिशेब. मी गेलो तेव्हा पोलादपूरला घाम पुसणारे माझे सहप्रवासी प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत स्वेटर, मफलर आणि कानटोप्यांत पार दिसेनासे झाले होते!

पण महाड-पोलादपूरची खरी थंडी पौषात नव्हे, आषाढात येते. भातलावणीत दिवसभर भिजलेल्या अंगाला वारा झोंबतो. सुती कापड ओले झाले की उलट अंगातली ऊब पळवते. अशा वेळी जुनी माणसे डोक्यावरून घोंगडीची खोळ घेत. देशावरच्या मेंढ्यांची ही लोकर. सनगरांच्या मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिऊनही ओली भासत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडून राहते. ऊब त्या हवेची. आता खोळीच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. तो पाऊस अडवतो, ऊब देत नाही.

अशाच आषाढात, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीच्या पुराने महाड बुडवले आणि तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. पूर ओसरला तेव्हा घरोघरचे अंथरूण-पांघरूण चिखलात होते. मदतीच्या गाड्यांतून धान्याबरोबर चादरी आणि ब्लँकेटे उतरली, आणि पाऊस तर अजून सरला नव्हता.

अन्न, वस्त्र, निवारा ही जंत्री आपण सहज म्हणून जातो. त्यातले वस्त्र केवळ लाज राखण्यासाठी नसते, हे या दोन तालुक्यांना विचारावे.