आजीची प्लेलिस्ट

गेले दोन महिने दर शनिवारी सकाळी सातला मी आजीकडे असतो. आजी 86 वर्षांची. चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. मी तिचा नातू आहे हे आता तिला बहुतेक वेळा आठवत नाही. सगळ्यात अवघड काम म्हणजे अंघोळ. अंगावर पाणी पडलं की ती घाबरते, ओरडते. एकदा आईच्या मनगटावर तिचे ओरखडे बघितले आणि म्हटलं, काहीतरी करायला हवं बुवा.

इंजिनिअर माणूस काय करणार? सर्च! 'अलाइव्ह इनसाइड' ही 2014 सालची डॉक्युमेंटरी सापडली. अमेरिकेत डॅन कोहेन यांनी 2010 मध्ये 'म्युझिक अँड मेमरी' ही संस्था काढली. नर्सिंग होममधल्या वृद्धांना त्यांच्या त्यांच्या आवडीची गाणी भरून आयपॉड द्यायचे, एवढीच कल्पना. फिल्ममधले हेन्री आजोबा मान खाली घालून बसलेले असतात आणि हेडफोन लावल्यावर डोळे मोठ्ठे करून गायला लागतात. 2015 साली 'ब्रेन' या जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, वर्षानुवर्षं ओळखीची असलेली गाणी मेंदूच्या ज्या भागांत जपली जातात, ते भाग अल्झायमरमध्ये बऱ्यापैकी शाबूत राहतात.

झालं! रात्री बसून प्लेलिस्ट केली. गीतरामायण (अर्थातच), भावगीतं, चार-दोन अभंग. सकाळी हेडफोन लावले तर तिने ते ओढून फेकलेच. मग छोटा स्पीकर आणला. तिसऱ्या गाण्याला आजी पदर पिळत उठली आणि "पोळ्या राहिल्यात अजून" म्हणत स्वयंपाकघराकडे निघाली. त्या दिवशी अंघोळ नेहमीपेक्षाही वाईट झाली.

संध्याकाळी सांगलीच्या मावशीआजीला फोन केला. ती हसायलाच लागली. "अरे, गीतरामायण तुझ्या आजोबांचं! ते कॅसेट लावून बसायचे आणि ही आत पोळ्या लाटायची. हिला विचारलंय कोणी कधी?"

रिक्वायरमेंट न घेता कोडिंग, दुसरं काय! लहानपणापासून त्या कॅसेटी मी आजीच्या घरात बघितल्या होत्या, म्हणून त्या आजीच्या.

मग मावशीआजीने खरी गोष्ट सांगितली. 1952 साली नभोवाणीमंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला. घरात सिनेमाची गाणी वर्ज्य, म्हणून या दोघी बहिणी अभ्यासाच्या नावाखाली शेजारी जायच्या. आजीला वेड होतं ओ. पी. नय्यरचं! 'आर पार' आला 1954 मध्ये, तेव्हा ती पंधरा वर्षांची. गीता दत्त, शमशाद बेगम सगळं पाठ. माझी सोवळ्यातली आजी... टांग्याच्या ठेक्यावर!

नवी यादी केली, बारा गाणी. अंघोळीच्या वीस मिनिटं आधी हळू आवाजात लावायची. एका गाण्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बेचैन झाली. ते काढून टाकलं. का आलं हे सांगणारं आता कोणी नाही.

चमत्कार वगैरे झालेला नाही, बरं का. अमेरिकेतल्या 54 नर्सिंग होममध्ये अशा संगीताची चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत, कर्मचाऱ्यांच्या नोंदींनुसार रुग्णांची अस्वस्थता लक्षणीय कमी झालेली दिसली नाही. आमच्याकडेही चारातले दोन दिवस बरे जातात. पण त्या दोन दिवशी आईला ओरखडे येत नाहीत. आमच्यासाठी हे पुष्कळ आहे.

मला टोचतं ते वेगळंच. ती सगळं सांगू शकत होती तेव्हा तीस वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नाही, आजी, तुला कुठलं गाणं आवडतं? तुमच्या घरात विचारण्यासारखं कोणी असेल तर आजच विचारा. उद्यावर ढकलू नका.

गेल्या शनिवारी गाणं सुरू झालं. आजीची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. मी आवाज जरा वाढवला, तर तिने पटकन माझा हात धरला, दाराकडे बघितलं आणि कुजबुजली, "हळू कर ना! अण्णा येतील."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली.

मी कोण, हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं. पण तिच्या बाजूचा होतो, एवढं तिला नक्की कळलं होतं. मी आवाज कमी केला.